शेजारच्या खुर्चीवरचं काय ऐकायचं?

ताई,

मी 47 वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी एक, अशा दोन औषधांच्या चार ‘एसी’ केमो आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल हे औषध, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दोन झाल्या. पहिल्या केमोनंतर तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि पाचव्या दिवशी काही कारण नसताना रडू कोसळलं. मला वाटलं, माझं डोकं फिरत चाललंय. दुसऱ्या वेळी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी आपणहून विचारलं, ‘तुम्हालाही पहिल्या रात्री झोप येत नाही का?’ तेव्हापासून त्या, मी आणि आणखी चार-पाच जणी रोज फोनवर बोलतो. त्यांच्याशी बोललं की खरंच मोकळं वाटतं.

पण प्रत्येकीचं सांगणं वेगळं. एक म्हणते, तोंड येऊ नये म्हणून केमो चालू असताना बर्फ चघळ. दुसरी म्हणते, बर्फाला हातही लावू नकोस. एकीने काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचं प्रमाण, वाढवणारी वनौषधीची पूड दिली आहे, ती तशीच पडून आहे. घरी मिस्टर दुखावलेत. म्हणतात, ‘मी इथे रात्रंदिवस आहे आणि तू मनातलं परक्या बायकांना सांगतेस.’ आणि आमच्यातली एक गेले दोन आठवडे फोन उचलत नाही. कुणी त्याबद्दल बोलत नाही. मला भीती वाटते. या गटात राहू की बाहेर पडू?

— एक वाचक

राहा. उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. या बायकांना सोडू नका. फक्त त्यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय डॉक्टरांकडूनच घ्यायचं, एवढी वाटणी मनाशी पक्की करा. तुमच्या निम्म्या काळज्या त्यानेच सुटतील. मिस्टरांची नाराजी आणि न उचललेला फोन, या दोन गोष्टींना मात्र वेळ लागेल.

त्या बाईंनी तुम्हाला विचारलेला तो एकच प्रश्न बघा. केमोच्या दिवशी, आणि बऱ्याचदा पुढचे दोन-तीन दिवस, मळमळ होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. औषध गुणाचं आहे, पण माणसाला टक्क जागं ठेवतं. रात्री दोन वाजता उठून कपाट आवरावंसं वाटतं. मग गोळ्या थांबल्या की अंगातलं बळ आणि मनाची उभारी एकदम खाली येते. तुमचं पाचव्या दिवसाचं रडू बहुधा तिथलंच आहे. डोकं फिरलेलं नाही. तुमच्या गोळ्यांच्या यादीत हे नाव आहे का बघा, आणि असेल तर डॉक्टरांना विचारा की ती गोळी सकाळी घेतली तर चालेल का, दुसरी मात्रा असेल तर ती दुपारच्या आत घेता येईल का. अनेकांची रात्र एवढ्यानेही सुधारते.

डॉक्टरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलंही असेल. पण त्या दिवशी कानावर पडलेल्या गोष्टींतलं फार थोडं डोक्यात राहतं. मी केमोच्या वॉर्डात समुपदेशनाचं काम करते आणि हे रोज बघते. माणूस मान हलवत असतो आणि त्याच्या मनात ‘कॅन्सर’ या एका शब्दापलीकडे काही पोहोचत नसतं. तीच माहिती तीन आठवड्यांनी शेजारच्या खुर्चीवरून येते, तेव्हा ती अनुभव घेतलेल्या माणसाकडून आणि ऐन गरजेच्या वेळी येते. ‘एसी’मधल्या डॉक्सोरुबिसिन या लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. केस गळायला लागतात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि त्याआधी डोक्याची कातडी अशी दुखते की उशीसुद्धा टोचते. तोंडात धातूसारखी चव येते तेव्हा स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा बरा वाटतो. गरम अन्नाच्या वासानेच पोटात ढवळत असेल तर ते निवू द्यावं आणि थोडं थोडं खावं. हे सगळं पुस्तकात असतंच. पण जिच्या डोक्यावर अजून केस आलेले नाहीत अशी बाई हसून सांगते, तेव्हा ते वेगळं पोहोचतं.

ही कल्पना जुनी आहे. टेरेस लॅसर या अमेरिकन बाईंचं 1952 मध्ये स्तनाचं ऑपरेशन झालं. बाहेर पडल्यावर कपडे कसे घालायचे, हात पुन्हा वर कसा न्यायचा, हे त्यांना नीट सांगणारं कुणी नव्हतं. मग त्या स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, सोबत हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी घेऊन. त्यातूनच ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम उभा राहिला. त्यांनी औषध दिलं नाही. औषधानंतरचं रोजचं जगणं शिकवलं.

अशा सोबतीने आयुष्य वाढतं का, हेही कुणीतरी तुम्हाला सांगेल, म्हणून आधीच सांगते. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या 86 स्त्रियांचा अभ्यास छापला. गटात बसून बोलणाऱ्या स्त्रिया जास्त काळ जगल्या, असं त्यात दिसलं आणि जगभर आशा पसरली. नंतर 2001 मध्ये कॅनडात 235 स्त्रियांवर तसाच पण मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. स्पीगल यांच्या पुढच्या अभ्यासातही नाही. मात्र कॅनडातल्या त्या स्त्रियांचं मन हलकं झालं आणि वेदना कमी जाणवू लागल्या, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांच्या. मला हे पुरेसं मोठं वाटतं. गटाकडून आयुष्याची हमी मागू नका, दिवस सुसह्य होण्याची अपेक्षा जरूर ठेवा.

या सोबतीचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोठा आहे. आपल्याला काय होतंय हे डॉक्टरांना नेमकं सांगायचं धैर्य त्यातून येतं. केमो घेणारे कितीतरी रुग्ण त्रास लपवतात. ‘केमो आहे म्हटल्यावर होणारच’, ‘डॉक्टर कामात असतात’, ‘सांगितलं तर डोस कमी करतील आणि आजार परत येईल’, ही कारणं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. या लपवण्याचं नुकसान किती होतं हे मोजलं गेलंय. इथन बाश या डॉक्टरांनी 2017 मध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या 766 रुग्णांचा अभ्यास मांडला. काही रुग्णांनी मळमळ, दुखणं, थकवा, धाप अशी लक्षणं संगणकावर नियमित नोंदवली आणि त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची. बाकीच्यांची देखभाल नेहमीच्या पद्धतीने झाली. नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 31.2 महिने होतं, दुसऱ्या गटाचं 26 महिने. त्यांचा आजार आणि तुमचा आजार वेगळा, म्हणून हे आकडे स्वतःला लावू नका. पण नवीन औषध एकही न देता, वेळेवर सांगितल्याने आणि सांगितलेलं ऐकून घेतल्याने हा फरक पडला, हे लक्षात ठेवा.

म्हणून मैत्रिणीशी बोलणं झालं की एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: यातलं मी डॉक्टरांना काय सांगणार आहे? एक वही करा. केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस, तिथून मोजा आणि रोज दोन ओळी लिहा. ‘थोडा त्रास झाला’ असं नको. ‘तिसरा दिवस, चार वेळा उलटी, संध्याकाळपर्यंत पाणीही टिकलं नाही’ असं लिहा. ‘आठवा दिवस, खालच्या ओठाच्या आत दोन फोड, गिळताना दुखतं, जेवण निम्मं झालं’ असं लिहा. डॉक्टर अशा ओळीवर लगेच काहीतरी करू शकतात.

आता बर्फ. तुमच्या दोन्ही मैत्रिणी खरं बोलताहेत, आणि हेच समजून घेण्यासारखं आहे. फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून झटपट देतात तेव्हा साधारण अर्धा तास तोंडात बर्फ ठेवला तर तोंड येण्याचं प्रमाण कमी होतं. थंडाव्याने तोंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तिथल्या नाजूक अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचतं, आणि ते औषध रक्तातून लवकर उतरतं म्हणून तेवढा वेळ पुरतो. जास्त मात्रेतल्या मेल्फॅलन या केमोच्या औषधाच्या वेळीही बर्फ वापरतात. दुसरीकडे, ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध घेणाऱ्याला थंडी सोसत नाही. फ्रिजचं दार उघडलं तरी बोटांत झिणझिण्या येतात. थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो आणि श्वास अडकल्याची भीती वाटते. एका मुलीला मी हातमोजे घालून पाण्याची बाटली उचलताना पाहिलं. ते तिला तिच्या शेजारच्या आजोबांनी शिकवलं होतं, कारण त्यांनाही तेच औषध चालू होतं. त्या दोघांच्या बाबतीत सल्ला योग्य होता, कारण औषध एकच होतं. तुम्हाला बर्फ नको म्हणणाऱ्या मैत्रिणीला, माझा अंदाज आहे, ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असावं.

‘एसी’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. यात ऑक्सॅलिप्लॅटिन नाही, त्यामुळे थंडीचा तो त्रास तुम्हाला होऊ नये. पण बर्फाचा गुण मुख्यतः दुसऱ्या औषधांसोबत तपासला गेला आहे, म्हणून करायचा असेल तर केमो देणाऱ्या नर्सला आधी विचारा. तोंडासाठी तुमच्या हातात असलेला उपाय साधा आहे: एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून अनेकदा चूळ भरायची, मऊ ब्रश वापरायचा आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश बाजूला ठेवायचा.

यापुढे कुणीही काही सुचवलं की आधी विचारा, ‘तुम्हाला कोणतं औषध चालू होतं?’ तुमच्या गटात प्रत्येकीने आपल्या औषधांची नावं एकमेकींना सांगितली आहेत का? नसतील तर आजच सांगा. ‘मला केमोत असं झालं’ या वाक्याचा दुसरीला फारसा उपयोग नाही. ‘मला पॅक्लिटॅक्सेलच्या तिसऱ्या डोसनंतर असं झालं’ याचा आहे. तुमचंही औषध दोन केमोनंतर बदलणार आहे, आणि तेव्हा आत्ताच्या मैत्रिणींचं काही ज्ञान तुमच्या कामाचं राहणार नाही. ज्या पुढे गेल्या आहेत त्यांचं कामाला येईल. पॅक्लिटॅक्सेलनंतर दोन-तीन दिवस हाडं आणि सांधे दुखतात. हातापायांना मुंग्या येऊ शकतात, बधिरपणा येऊ शकतो. इथे मात्र ‘सगळ्यांनाच होतं, सहन कर’ हा सल्ला ऐकू नका. तो प्रेमाने दिलेला असतो, पण त्याने नुकसान होतं. बटण लावताना बोटं अडखळायला लागली, पायात चप्पल आहे की निसटली हे खाली बघितल्याशिवाय कळेनासं झालं, तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगा. हा त्रास होऊच नये यासाठी खात्रीचं औषध नाही. डोस कमी करणं, पुढे ढकलणं किंवा औषध बदलणं हे डॉक्टरांच्या हातात असतं आणि ते वेळेवर सांगितलं तरच. उशीर झाला तर बधिरपणा उपचार संपल्यावरही मागे राहू शकतो.

पुडीचं सांगते. ती घेऊ नका. जिने दिली तिचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, आणि तिचे काउंट वाढलेही असतील. पण तुमच्या उपचारात पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान सगळ्यांत खाली जातात आणि मग आपोआप वर येतात. तीन आठवड्यांचं अंतर त्यासाठीच ठेवलेलं असतं. दहाव्या दिवशी पूड सुरू केली तर विसाव्या दिवशी काउंट वर आलेले दिसणारच, आणि श्रेय पुडीला जाणार. शिवाय वनौषधी म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. केमोची बरीचशी औषधं यकृतातून पुढे जातात आणि काही वनस्पती यकृताचं ते काम वाढवतात किंवा अडवतात. सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीने इरिनोटेकन या औषधाचा प्रभाव कमी होतो, हे सिद्ध झालंय. काउंट खाली असताना न शिजवलेल्या पुडीतली बुरशी किंवा जंतू हाही वेगळा धोका. काउंट फार पडत असतील तर त्यासाठी डॉक्टरांकडे तपासलेलं इंजेक्शन आहे, त्याबद्दल विचारा. पूड डब्यासकट डॉक्टरांना दाखवा. मैत्रिणीला ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढं सांगितलं तरी तिला राग येणार नाही. आणि तिच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का, हे तिला जरूर विचारा.

आता जे सांगते ते अगदी ठामपणे सांगते. ताप आला तर गटाला विचारायचं नाही. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की दिवस असो, मध्यरात्र असो, ताबडतोब रुग्णालयाला फोन. ‘मलाही आला होता, गोळी घेतली, उतरला’ असं कुणी सांगेल. आधी ताप उतरवायची गोळी घेतली तर आकडा खाली येतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. काउंट खाली असताना हाच संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, म्हणून अशा वेळी अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू करायचा प्रयत्न असतो. फोनवर पहिलंच वाक्य असं बोला: ‘माझी केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, ताप एवढा आहे.’ थंडी वाजून हुडहुडी भरली तर थर्मामीटरवर ताप दिसायची वाट बघू नका. धाप, छातीत दुखणं, न थांबणारं रक्त, दिवसभर पाणीही पोटात न टिकणं, वारंवार पातळ जुलाब, यांनाही हाच नियम. आणि केमो चालू असताना सुईच्या जागी जळजळ किंवा दुखणं सुरू झालं तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. संकोच करू नका, झोपलेल्या शेजारणीची झोप मोडली तरी चालेल.

मळमळीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘एसी’ घेणाऱ्यांना ती बऱ्याचदा होते, म्हणून थोडंसं. मळमळ दोन वेळा येते: पहिल्या चोवीस तासांत, आणि नंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत. दोन्हींची औषधं वेगळी असू शकतात, म्हणून घरी दिलेल्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका. त्यांतल्या ऑन्डॅनसेट्रॉनने अनेकांना बद्धकोष्ठ होतं, तेही सांगा, त्यावर उपाय असतो. ओलान्झापिन नावाची गोळी दिली असेल तर कुणीतरी म्हणेल, ‘ही तर वेडाची गोळी आहे.’ मूळ ती मानसिक आजारांसाठीच आहे, हे खरं. पण केमोच्या मळमळीवर ती चांगलं काम करते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं. झोप आणते म्हणून रात्री देतात. आणि रुग्णालयाच्या दारातच, औषध मिळायच्या आधीच ढवळायला लागलं तर ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. आधीच्या उलट्यांची आठवण शरीर वासाशी आणि जागेशी जोडतं. यावर श्वासाचे, शरीर सैल सोडण्याचे व्यायाम आहेत आणि गोळ्याही आहेत. मात्र हा त्रास मुरल्यावर काढणं अवघड जातं, म्हणून लवकर बोला.

थकवा तर गटातल्या सगळ्याच जणींचा विषय असणार. अंथरुणावर पडून राहणं हा त्यावरचा उपाय नाही. झेपेल तेवढं रोज चालणं हा केमोच्या थकव्यावरचा सर्वांत चांगला सिद्ध झालेला उपाय आहे. मैत्रिणीशी फोनवर बोलत चाला. मात्र काउंट पडलेल्या दिवसांत एकत्र भेटणं टाळा. जिला सर्दी-खोकला आहे तिने त्या आठवड्यात भेटायचंच नाही, असा नियम करा.

मिस्टरांकडे येते. त्यांची बाजू मला कळते. जे माणूस पाणी हातात देतं, रात्री उठून बादली आणतं, त्याच्यासमोर तुम्ही ‘बरी आहे’ म्हणता आणि फोनवर अर्धा तास रडता, हे त्याने पाहिलंय. त्याला वाटतं, आपण कमी पडलो. पण परक्या बायकांना का सांगता येतं, याचं कारण तुम्हालाही माहीत आहे. त्यांना सांभाळावं लागत नाही. ‘मरणाची भीती वाटते’ असं मैत्रिणीला म्हटलं तर ती म्हणते, ‘मलाही वाटते.’ मिस्टरांना म्हटलं तर त्यांचा चेहरा बघून तुम्हालाच त्यांची समजूत काढावी लागते. हे वाक्य तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगा. ‘तुम्ही माझे आहात म्हणूनच तुमच्यासमोर मला खंबीर राहावंसं वाटतं, आणि दिवसभर तसं राहून मी दमते.’ त्यात त्यांच्याविरुद्ध काहीच नाही.

आणि त्यांना काम द्या. काळजी करणाऱ्या माणसाच्या हाताला काम नसेल तर ती काळजी रुसव्यातून बाहेर पडते. वही आणि थर्मामीटर त्यांच्या ताब्यात द्या. केमोनंतर डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, शब्द आठवत नाहीत, गोळी घेतली की नाही ते विसरायला होतं. अशा वेळी गोळ्यांचा हिशेब दुसऱ्या कुणाकडे असणं खरोखर गरजेचं आहे. डॉक्टरांच्या भेटीत ते सोबत असतील तर तुम्ही ‘तसं ठीक आहे’ म्हणालात की ते वही उघडून चौथ्या दिवसाचं वाचतील. गटात कुणाचे नवरे, मुलगे असतील तर त्यांचीही एकमेकांशी ओळख करून द्या. त्यांच्याही मनात कुणाला न सांगितलेलं पुष्कळ असतं.

एका गोष्टीत त्यांना अडवा. ‘हिंमत धर, सकारात्मक राहा, मग सगळं बरं होईल’ असं ते किंवा गटातलं कुणी म्हणत असेल तर सांगा, मी रडले म्हणून कॅन्सर वाढत नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांची माहिती तपासली. मन आनंदी असण्याचा आणि जास्त जगण्याचा संबंध त्यांना आढळला नाही. तुमच्या रडण्याने उपचार बिघडत नाहीत, ही गोष्ट घरात सगळ्यांना कळली तर तुमच्यावरचं मोठं ओझं उतरेल. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर मात्र ते डॉक्टरांना आणि समुपदेशकाला सांगायचं. त्यावर उपचार आहेत.

आता फोन न उचलणारी मैत्रीण. काय झालंय हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. ती रुग्णालयात असेल, तोंड आल्यामुळे बोलवत नसेल, थकली असेल, किंवा तिची बातमी वाईट असेल आणि तुम्हा सगळ्यांना ती सांगायची तिची तयारी नसेल. गेली असण्याचीही शक्यता आहे. ज्या गटात सगळे कॅन्सरचे रुग्ण असतात तिथे कधीतरी कुणीतरी जातं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण सध्या तुमच्या गटात जे चाललंय, म्हणजे ती फोन उचलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही, त्याने भीती वाढतेच. तुम्ही सुरुवात करा. तिला एक निरोप पाठवा: ‘उत्तर द्यायची गरज नाही, फक्त तुझी आठवण येते.’ तिच्या घरचं कुणी ओळखीचं असेल तर एकीनेच, हळुवारपणे विचारावं. आणि गटात उघड बोला: आपल्यापैकी कुणाचं काही बरंवाईट झालं तर बाकीच्यांना कसं कळवायचं? कुणाला सगळं कळायला हवं असेल, कुणाला नको असेल. दोन्ही चालेल, पण ठरलेलं बरं.

तिची बातमी वाईट निघाली तर तुम्हाला दुःख होईल, आणि त्याच्याच आड ‘आता माझा नंबर’ अशी भीती येईल. त्या वेळी तिचं आणि तुमचं औषध, आजाराची अवस्था, शरीर हे सगळं वेगळं होतं, ही बर्फाचीच गोष्ट पुन्हा आठवा. बर्फाबाबत दुसऱ्या मैत्रिणीचा अनुभव तुम्हाला लागू नव्हता, तसंच इथेही आहे. तुमच्याबद्दल काय अपेक्षा धरायची हे तुमचे रिपोर्ट आणि तुमचे डॉक्टर सांगतील. तुम्ही जिवंत आहात म्हणून अपराधी वाटलं तर तेही गटात बोलून दाखवा, कारण ते प्रत्येकीला वाटत असतं. आणि झेपत नसेल तर एक-दोन आठवडे गटापासून लांब राहायची पूर्ण मुभा घ्या. ‘सध्या ऐकवत नाही, पुढच्या केमोनंतर येते’ एवढं कळवलं की पुरे. कुणाला आधार देण्याची जबाबदारीही उपचार चालू असताना स्वतःवर घेऊ नका. सगळे उपचार संपल्यावर तुम्हाला एखाद्या नवख्या बाईच्या शेजारी बसावंसं वाटेल. वाटलं तर तेव्हा बसा.

तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासायला जाल, त्याच वेळी मिस्टरांना सोबत घ्या आणि तीन गोष्टी डॉक्टरांपुढे ठेवा: झोप न येण्याची आणि पाचव्या दिवसाची नोंद, तो पुडीचा डबा, आणि ‘रात्री-अपरात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा’ हा प्रश्न. तो नंबर तिथेच दोघांच्या फोनमध्ये घालून घ्या.